निदान सिग्नलला तरी…

धावती गाडी बंद पडली तर लोक हळहळतात. उभी गाडी बंद पडली तर हसतात. आमची फियाट दुसऱ्या प्रकारातली.

गाडी 1986 ची, बाबांनी नंबर लावून, वाट पाहून घेतलेली. कागदोपत्री तिचं नाव प्रीमियर पद्मिनी. 1974 मध्ये चितोडच्या राणीवरून तिच्या मॉडेलचं बारसं झालं. पण तिला त्या नावानं हाक मारणारा माणूस मला पुण्यात भेटलेला नाही. कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मली तरी लोकांसाठी ती फियाटच राहिली आणि मुंबईत काळीपिवळी होऊन राबली तेव्हाही फियाटच. लग्नात ताटातल्या तांदळांवर नाव कोरतात, पण कधीकधी माहेरचंच टिकतं, तसं हिचं इटलीचं टिकलं. 1089 सीसीचं इंजिन, चार सिलिंडर, गिअरचा दांडा स्टिअरिंगला आणि पुढे बसायला शाळेतल्यासारखं सलग बाकडं. बँकेत छत्तीस वर्षं कॅशियर म्हणून नोटा मोजून मी निवृत्त झालो, तेव्हा माझ्या वयाला शोभेल अशी हीच एक सोबतीण उरली होती. हे वाक्य घरात मोठ्यानं वाचू नये.

दसऱ्यापर्यंत ती ठणठणीत होती. दसऱ्याला तिला धुतली, पुसली, झेंडूचा हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली. दुसऱ्या दिवसापासून तिनं नवं व्रत धरलं: पळेन, पण उभी राहणार नाही. चाळिसाच्या वेगात तक्रार नाही. सिग्नल लाल झाला, अॅक्सिलरेटरवरचा पाय निघाला, की आधी अंगभर थरथर, मग दोन उचक्या आणि मग शांती.

यावर उपाय म्हणून मी एक आसन बसवलं. डावा पाय क्लचवर. उजव्या पायाची टाच ब्रेकवर आणि चवडा अॅक्सिलरेटरवर. डाव्या हाताची दोन बोटं चोकच्या बटणाला, कारण चोक थोडा ओढून धरला की ती जरा तग धरायची. नळ स्टॉपच्या सिग्नलचा लाल आकडा साठवरून शून्यावर येईपर्यंत हे आसन टिकवायचं. योगवर्गात याला नाव नाही, पण कंबरेला ते अजून आठवतं.

"अहो, गाडी चालवताय की पायपेटी वाजवताय?" बायकोनं विचारलं.

"दोन्ही. फक्त सूर लागत नाही."

तिच्या भाच्याच्या लग्नाला निघालो त्या दिवशी तर कहर झाला. निघताना पत्रिका सापडेना. "इथे फ्रिजवरच ठेवली होती, जाडजूड, सोनेरी अक्षरांची," ती म्हणाली. "मला काय माहीत," मी पेपरातून डोकं न काढता म्हणालो. मग आठवणीच्या भरवशावर एक कार्यालय गाठलं. मंगलाष्टकं चालू होती. मनोभावे अक्षता टाकल्या. अंतरपाट दूर झाला तेव्हा कळलं, नवरा आपला नाही. तिथून खऱ्या कार्यालयापर्यंत तीन सिग्नल होते. तिन्ही ठिकाणी गाडीनं प्राण सोडला. पोचलो तेव्हा पंगती उठल्या होत्या आणि मठ्ठ्याच्या पातेल्यात डाव वाजत होता.

त्या दिवशी मला गाडी ढकलणाऱ्यांविषयी एक शोध लागला. आपल्याकडे ढकलणारे मजुरी घेत नाहीत. त्याबदल्यात त्यांना निदान करण्याचा हक्क मिळतो. पहिला म्हणाला, "काका, पेट्रोलला कचरा आलाय." दुसरा म्हणाला, "पंप बदला. भेसळ आहे." "गाडीतला पंप की पेट्रोलचा?" असं विचारेपर्यंत तो निघून गेला. तिसरा खांद्यावरचा रुमाल झटकत म्हणाला, "विका आता." चौकातल्या हवालदारानं काचेवर टकटक केली. "काका, सिग्नल सुटलाय."

"सिग्नल सुटलाय हो. गाडी सुटत नाहीये."

यातल्या एकानंही बॉनेट उघडायला सांगितलं नाही. बॉनेट उघडलं तर आत खरं कारण दिसण्याची भीती असते.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये तर रोज संध्याकाळी परिषद भरू लागली. तिसऱ्या मजल्यावरच्या होमिओपॅथी डॉक्टरांनी सविस्तर हिस्टरी घेतली. बंद पडण्याचं प्रमाण सकाळी जास्त की संध्याकाळी? थंडीत वाढतं का? उजव्या वळणानंतर की डाव्या? तहान किती? मी म्हणालो, "तहान म्हणाल तर लिटरला नऊ." त्यांनी ते गंभीरपणे लिहून घेतलं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या साहेबांच्या मते सगळा दोष दाबाचा होता, आणि दाबाचा प्रश्न आला की धरणाची दारं किती उघडायची इथपासून सुरुवात करावी लागते. ती त्यांनी केली, आणि पानशेतपर्यंत आल्यावर अंधार पडला. सॉफ्टवेअरमधला माझा पुतण्या म्हणाला, "काका, एकदा बंद करून परत चालू करून बघा."

"त्यातलं पहिलं ती स्वतःच करते."

तळमजल्यावरच्या काकूंनी एवढंच सांगितलं, "दृष्ट लागलीय. दसऱ्याला फार नटवलीत हो तिला." सगळे हसले. मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो.

मग गॅरेजं सुरू झाली. पहिल्या मेकॅनिकनं सेल्फ मारला, कान दिला, मान हलवली आणि चारही प्लग बदलले. गाडी घरापर्यंत झकास आली, कारण वाटेत सगळे सिग्नल हिरवे मिळाले. मी वळून त्याचं कौतुक करायला निघालो आणि पहिल्याच लाल दिव्याला कौतुक संपलं.

दुसरा अनुभवी होता. त्यानं डिलकोचं झाकण उघडलं, पॉइंट घासले, कंडेन्सर बदलला. पॉइंटमधली फट अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी ठेवायची असते आणि ती मोजायला फिलर गेज नावाच्या पातळ पत्त्या मिळतात. त्याच्याकडे त्या नव्हत्या. त्यानं माझ्याच खिशातलं एका विमा एजंटचं व्हिजिटिंग कार्ड घेऊन त्यात सरकवलं आणि म्हणाला, "परफेक्ट." त्या कार्डाचा माझ्या आयुष्यातला तो पहिला आणि शेवटचा उपयोग.

त्यानंतर त्यानं मला एक फार सुंदर परीक्षा दाखवली. गाडी चालू ठेवायची आणि प्लगच्या वायरी एकेक करून काढायच्या. वायर काढल्यावर इंजिन अडखळलं, तर तो सिलिंडर कामाचा. काढली तरी आवाज जसाच्या तसा राहिला, तर समजायचं की हा आधीपासूनच काही करत नव्हता. मला एकदम आमची शाखा आठवली. निवृत्तीआधी मी तीन आठवड्यांची रजा घेतली होती. परत आल्यावर शिपायानं विचारलं होतं, "साहेब, आज उशीर झाला का?"

आमचे चारही सिलिंडर मात्र कामाचे निघाले. "मग दोष कुठे?" मी विचारलं. "दोष नाहीच," तो म्हणाला आणि बिल दिलं.

तेवढ्यात पीयूसीची मुदत संपली. माझ्या गाडीच्या पिढीला धुरात कार्बन मोनॉक्साइड 3 टक्क्यांपर्यंत चालतो, आणि तो मोजायचा आयडलिंगला, म्हणजे गाडी नुसती उभी राहून गुणगुणत असताना. यंत्रवाल्या मुलानं सायलेन्सरमध्ये नळी घातली. गाडी बंद पडली. पुन्हा सेल्फ, पुन्हा नळी, पुन्हा बंद. चौथ्यांदा मी आसन लावून अॅक्सिलरेटर दिला.

"काका, रेस देऊ नका. आयडलिंगलाच मोजतात."

"अरे, आयडलिंगला ती जिवंत नसते."

"मग रीडिंग शून्य येतंय."

"शून्य म्हणजे पास ना?"

त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की छत्तीस वर्षं फाटक्या नोटा बदलायला येणाऱ्या गिऱ्हाइकांकडे मी कसा पाहत आलो, ते मला कळलं.

तिसऱ्या मेकॅनिकनं हा प्रश्न दोन मिनिटांत सोडवला. त्यानं कार्बोरेटरचं वरचं झाकण उघडून जेटमधून हवा मारली, झाकण लावलं आणि रेसचा स्क्रू तीन फेरे आवळला. गाडी बंद पडेना! फक्त आता ती उभ्या-उभ्या डरकाळ्या फोडू लागली. सिग्नलला पुढचे स्कूटरवाले दचकून वाट देत. पहिल्या गिअरला क्लच सोडला की पाय न लावता ती स्वतःच्या मर्जीनं निघे. मी मागे बसलो असतो तरी तिला फरक पडला नसता. आणि एक दिवस पार्किंगमध्ये चावी फिरवून काढली, खिशात टाकली, दार लावलं, तरी इंजिन चालूच! आतला कार्बन तापून लाल झाला आणि रेस जास्त असली, की ठिणगीशिवायही पेट्रोल पेटत राहतं. बॉनेटखालून धापा टाकल्यासारखा 'ढबक्… ढबक्' आवाज येत राहिला. दोन महिने जी चालू राहावी म्हणून नवस बोललो, ती आता बंद व्हावी म्हणून हात जोडून उभा होतो. होमिओपॅथी डॉक्टर गॅलरीतून म्हणाले, "असं होतं. बरं होण्याआधी लक्षणं वाढतात."

चौथ्या मेकॅनिकनं फोनवर बोलता बोलता, फोन खाली न ठेवता, हातानंच खूण केली: इंजिन काढा. फोन झाल्यावर त्यानं शब्दांत सांगितलं, "रिंगा गेल्यात. हाफ इंजिन करावं लागेल." त्यानं सांगितलेला आकडा ऐकून माझंच आयडलिंग बसलं. प्रत्येकानं, अगदी प्रत्येकानं, मला एक प्रश्न मात्र विचारला होता: "आधी काही काम केलं होतं का?" आणि प्रत्येकाला मी एकच उत्तर दिलं होतं: "छे!"

शेवटी मी ठरवलं, की दुसऱ्याच्या हातात गाडी द्यायची नाही. आपण वाचन केलेलं आहे. एका रविवारी चारही प्लगच्या वायरी काढून, त्यांची टोकं पेट्रोलनं स्वच्छ पुसून मी परत लावल्या. एक, दोन, तीन, चार. ओळीनं. सबंध आयुष्य टोकन नंबरप्रमाणे माणसं खिडकीशी बोलावली. दुसरा कुठला क्रम माझ्या रक्तातच नाही. फियाटचं इंजिन मात्र 1-3-4-2 या क्रमानं पेटतं. सेल्फ मारला आणि कार्बोरेटरनं असा बार उडवला, की पहिल्या मजल्यावरच्या कुंडीतला कावळा थेट दुसऱ्या प्रभागात गेला. पाटबंधारेवाले साहेब खाली येऊन म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं? दाब!"

वायरी पुन्हा जागेवर लावून देणाऱ्या पोरानंच शेवटी पत्ता सांगितला. नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानांच्या मागे एक आबा बसतात. फक्त फियाट बघतात. दुसरी गाडी आणली तर चहा पाजून परत पाठवतात.

बायकोला तुळशीबागेत जायचं होतं म्हणून ती बरोबर आली. आबा स्टुलावर बसले होते. त्यांनी गाडीला हात लावला नाही. मला विचारलं, "काय करती?"

"थांबली की मरती."

"आन् पळताना?"

"काही नाही."

"चोक वढला की?"

"चोक ओढला की सुधारते."

आबांनी विडी विझवली. "मंग हवा खाती."

दोन महिने ते उत्तर माझ्या डाव्या हाताच्या दोन बोटांत होतं आणि मी त्या बोटांनी पायपेटी वाजवत होतो.

आबांनी मला समजावलं ते असं. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे पावणेपंधरा किलो हवा लागते. गाडी उभी असते तेव्हा कार्बोरेटरची झडप जवळजवळ मिटलेली असते. खाली इंजिन जिवाच्या आकांतानं ओढतंय आणि वरून हवेला वाट नाही, अशी ओढाताण. त्या वेळी खाली कुठे टाचणीएवढी फट असली, तरी तिथून हवा घुसते आणि पेट्रोलचा हिशेब बिघडतो. पळताना झडप सताड उघडी असते, मग एवढीशी चोरटी हवा कुणाच्या खिजगणतीत नसते. मी मनाशी त्याचं भाषांतर केलं: लग्नात हजार पानं उठत असताना चार आगंतुक जेवून गेले तर कळत नाही; घरी दोघांपुरता भात लावलेला असताना एक जण आला, तर पातेलं लगेच बोलतं. चोक ओढला की वरची हवा अडते, पेट्रोल जास्त ओढलं जातं. म्हणजे भात वाढवल्यासारखंच.

आबांनी एक हातभर रबरी नळी घेतली. एक टोक कानाशी, दुसरं कार्बोरेटरभोवती फिरवू लागले. डॉक्टर छाती तपासतात तसे. बुडाशी आल्यावर थांबले. नळी माझ्या कानाला लावली. आत बारीक 'स्स्स' ऐकू येत होतं, दूध उतू जाण्याआधी येतं तसं. मग ऑइलच्या कुपीतून त्या सांध्यावर चार थेंब सोडले. थेंब आत ओढले गेले आणि थरथरणारं इंजिन क्षणभर शहाण्यासारखं चाललं. थेंब संपले, पुन्हा थरथर.

"बुडाचं पॅकिंग गेलंय," आबा म्हणाले. दोन नट सोडून त्यांनी कार्बोरेटर उचलला आणि नखानं खालचं पॅकिंग सोलून काढलं. पेट्रोल पिऊन ते लिबलिबीत झालं होतं, कडा जळून काळ्या पडल्या होत्या, एका कोपऱ्यात चीर गेली होती. आबांनी ते उन्हात धरलं. त्यांच्या भुवया वर गेल्या.

"ह्ये पॅकिंग कुणी कापलं?"

"असेल कुणीतरी शिकाऊ पोरगा," मी म्हणालो.

"त्येच्यावर काय लिवलंय बघा. माझा चष्मा न्हाई."

बायकोनं ते हातात घेतलं. मधल्या गोल भोकाच्या वरच्या बाजूला सोनेरी अक्षरं अजून शाबूत होती. तिनं वाचलं, "'आमच्या येथे श्रीकृपे'… पुढे भोक आहे." तिनं ते उलटलं. मागच्या बाजूला कार्यालयाचा अर्धा पत्ता होता.

नाना पेठेत इतकी शांतता मी आजवर ऐकली नव्हती.

"अहो."

आता सांगायलाच हवं. खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारं पुजतात. आदल्या रात्री मला वाटलं, नुसतं हळदकुंकू काय वाहायचं, कार्बोरेटर काढून स्वच्छ करू. काढला, जुन्या टूथब्रशनं घासला, चकचकीत केला. लावताना जुनं पॅकिंग फाटलं. दुकानं बंद. फ्रिजवर एक छानसा जाड कागद दिसला. कात्रीनं कापला तर इतका अचूक बसला, की मला स्वतःचाच अभिमान वाटला. त्या अभिमानात मी कागदाची दुसरी बाजू पाहिली नाही आणि नंतरच्या दोन महिन्यांत तिकडे पाहायचं धाडस केलं नाही. पुढचे सगळे प्लग, कंडेन्सर, होमिओपॅथी आणि धरणाची दारं या एका कात्रीतून निघाली होती.

आबांनी पॅकिंग शीट कापून नवं बसवलं. रेसचा स्क्रू मागे घेतला. मिक्श्चरचा स्क्रू अलगद पूर्ण आत घेऊन दीड फेरा बाहेर काढला आणि मग डोळे मिटून, कानानं, एक केसभर इकडे, एक केसभर तिकडे. गाडी घरच्या मांजरासारखी गुरगुरू लागली. "किती झाले?" मी विचारलं. "पॅकिंगचे वीस. बाकी तुमी समजून द्या." मी समजून दिले. आधीच्या चौघांना मिळून सात हजार चारशे दिले होते, न समजता.

आता ती सिग्नलला बंद पडत नाही. पार्किंगमधली परिषद मात्र उदास आहे. चांगला चाललेला आजार बरा झाला, की नातेवाइकांना येतो तसला रितेपणा. "नेमकं काय होतं हो?" असं अजून विचारतात. मी म्हणतो, "पेट्रोलला कचरा होता." सगळ्यांचं समाधान होतं. खरं सांगायचं, तर सर्वांत जवळ पोचल्या त्या तळमजल्यावरच्या काकूच. त्यांनी निदान तारीख तरी बरोबर धरली होती.

ते जळकं पॅकिंग बायकोनं फेकू दिलं नाही. फ्रिजवर, मूळ जागी, चुंबकानं लावून ठेवलंय. तेव्हा वाचकहो, एकच विनंती. तुमची जुनी गाडी उभ्या-उभ्या बंद पडत असेल आणि त्याच सुमारास घरातली एखादी लग्नपत्रिका हरवली असेल, तर मेकॅनिककडे जाण्याआधी दोन्ही तक्रारी एकत्र करून पाहा. आणि त्यानं "आधी काही काम केलं होतं का?" असं विचारलं, तर बायको बरोबर नसतानाच खरं उत्तर द्या.